सव्वीसशे रुपयांत काय काय येतं?

परवा हापिसात डबा खाताना विषय निघाला. टीममधला एक जण बायकोला घेऊन दोन रात्रींसाठी मुंबईला चाललाय. मला म्हणाला, "फोर्टात स्वस्तातलं एखादं बरं हॉटेल सांग ना, तुम्ही राहिला होतात ना मॅरेथॉनच्या वेळी?" मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. राहिलो होतो खरं. चांगलं होतं का? हो. वाईट होतं का? तेही हो. त्याला हवा होता पाचपैकी एक आकडा, आणि तो काही मला देता येईना. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून या वीकांताला लिहून मोकळा होतो.

तर झालं असं. आमच्या घरात पळते ती बायको. मी पळत नाही, मी पिशवी धरतो. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि सहसा जानेवारीत होते. यंदा, म्हणजे २०२६ च्या जानेवारीत, बायको पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन पळणार होती. पूर्ण म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. शर्यत सुटते सीएसएमटीहून (आमच्या वडिलांसाठी अजून व्हीटीच), आणि तीही पहाटे. आसपासचे रस्ते त्याआधीच बंद होतात. पळणाऱ्यांसाठी भल्या पहाटे खास लोकल सोडतात, पण त्या मुंबईकरांच्या उपयोगाच्या. पुण्याहून येणाऱ्याला आदल्या रात्री स्टेशनाच्या आसपास पाठ टेकायला जागा लागतेच. डोंबिवलीला आत्या आहे आणि तिच्याकडे उतरलो नाही म्हणून ती अजून फुगून बसलीये. पण आत्याकडे रात्री अकराच्या आत पानं वाढली जात नाहीत, आणि आग्रहाची तिसरी पुरणपोळी पोटात घेऊन पहाटे बेचाळीस किलोमीटर पळता येत नाही हे तिला कोण सांगणार?

त्या शनिवारी बरी हॉटेलं सात-आठ हजारांच्या खाली बोलायलाच तयार नव्हती. शोधता शोधता फोर्टात एक सापडलं. रात्रीचे २६०० रुपये, स्टेशनापासून चालत सात मिनिटं, रेटिंग ४.१. फोटोत खिडकी, खिडकीला पांढरा पडदा, पडद्यातून येणारं कोवळं ऊन. वर कर फक्त ५ टक्के, कारण साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दोन रात्रींचे सगळे मिळून ५४६० रुपये. मी लगेच बुक करून टाकलं आणि संध्याकाळभर घरात स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन फिरलो.

शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास पोचलो. रिसेप्शनवरच्या माणसाने दोघांची आधार कार्डं घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, मॅडम का सरनेम अलग है."

आहे. बायकोने लग्नानंतर नाव बदललेलं नाही. बदलायला हवं असा आपल्याकडे कायदाही नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, घराचं कर्ज दोघांच्या नावावर आहे, बँकेला अडचण आली नाही. पण इथे आली. "कपल अलाऊड नहीं है सर. फॅमिली चलेगा. मॅरेज का कुछ प्रूफ है?"

आणि मी काय केलं? आवाज चढवला? नाही. मी खिशातून फोन काढला आणि लग्नाचे फोटो शोधायला लागलो. नऊ वर्षं मागे जाऊन अंतरपाट, मुंडावळ्या, सप्तपदी असं सगळं त्या काउंटरवर मांडलं. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं आणि मान डोलावली. पास! किल्ली मिळाली. मला वाटलं, चला, प्रश्न सुटला.

लिफ्ट नव्हती. दोन जिने चढेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. खोलीत शिरल्यावर म्हणाली, "तू फोटो का दाखवलास?"

"अगं, रात्रीचे दहा वाजलेत. कुठे गेलो असतो?"

"म्हणजे आपलं लग्न झालेलं नसतं तर त्याचं बरोबर होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हा प्रोग्रॅमर लोकांची ही खोड आहे. सिस्टिमने मूर्खासारखं काही मागितलं तरी आपण आधी ते इनपुट देऊन टाकतो आणि पुढच्या स्क्रीनवर जातो. हे मागायचा तुला अधिकार काय, असं विचारत बसत नाही. पण हा काही फॉर्म नव्हता. तिथे उभी होती ती माझी बायको, आणि तिच्याकडे पाहून एक परका माणूस ठरवत होता की ही "फॅमिली" आहे की नाही.

घरी आल्यावर मी वाचलं (नेहमीप्रमाणे उशिरा). लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी हॉटेलच्या एका खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. तरी हॉटेलं आपापले नियम करतात. जानेवारी २०२५ मध्ये तर स्वस्त खोल्यांच्या एका मोठ्या साखळीने मेरठमध्ये, अविवाहित जोडप्यांना खोली नाकारायची मुभा आपल्या हॉटेलांना देऊन टाकली. गंमत बघा, हा प्रश्न वीस हजारांच्या हॉटेलात सहसा कोणी विचारत नाही. तिथे ओळखपत्र बघतात, "वेलकम" म्हणतात आणि हातात सरबत देतात. म्हणजे चारित्र्याची काळजी फक्त सव्वीसशेच्या खोलीतच!

असो. आता खोली. पडदा होता, फोटोतलाच. बाजूला सारला तर मागे भिंत. खिडकी नाहीच. ते कोवळं ऊन म्हणजे पडद्यामागे बसवलेली ट्यूबलाइट होती :) एका मोठ्या खोलीच्या प्लायवूड घालून तीन खोल्या केलेल्या, त्यामुळे शेजारच्या गृहस्थांचं फोनवरचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. रात्री साडेबारापर्यंत आम्हाला त्यांची अहमदाबादची सगळी येणी तोंडपाठ झाली. दाराच्या मागे कागद चिकटवलेला: गरम पाणी सकाळी ६ ते ९, चेक-आउट १० वाजता.

पण खोटं कशाला बोलू? चादरी पांढऱ्याशुभ्र, नुकत्या धुतलेल्या. बाथरूम एवढंसं, पण कोरडं आणि स्वच्छ. एसी चालत होता. पाच मिनिटांवर सीएसएमटीची ती दिव्यांनी उजळलेली इमारत. शनिवारी बीकेसीला जाऊन बिब घेऊन आलो, दहीभात खाल्ला, आणि बायको आठ वाजता कानात बोळे घालून झोपली. त्याआधी मी खाली जाऊन विचारून आलो होतो, पहाटे तीनला गरम पाणी मिळेल का? "गीझर छह बजे," रिसेप्शनवरून उत्तर आलं. गार पाण्याने आंघोळ करायची मनाची तयारी केली.

तीन वाजून दहा मिनिटांनी दारावर टकटक. दारात एक मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, हातात वाफाळती बादली. संध्याकाळी मी विचारत होतो तेव्हा तो तिथेच फरशी पुसत होता, त्याने ऐकलं होतं. खालच्या पॅन्ट्रीत पातेल्यात पाणी तापवून दोन जिने चढून आला होता. "मॅडम को दौड़ना है ना," एवढंच म्हणाला. पाठोपाठ दोन कप चहा. कोणी सांगितलं नव्हतं, बिलात लागणार नव्हतं. मधुबनीचा होता, मुंबईत येऊन दीड वर्ष झालेलं.

पावणेचारला खाली उतरलो तर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी सरकतं दार, त्याला कुलूप. दाराच्या आत जिन्याखाली त्याचं अंथरूण. गळ्यातल्या दोऱ्यात किल्ली. त्याने कुलूप काढलं, हसून म्हणाला, "फर्स्ट आना मॅडम." आम्हीही हसलो आणि निघालो.

बायकोला स्टार्ट लाइनकडे सोडून मी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसलो, पिशवी धरून. हवा छान, समोर अंधारातला समुद्र. आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या पोटात गोळा आला. आम्ही दोन रात्री जिथे झोपलो होतो तिथे खोल्यांना खिडक्या नव्हत्या, भिंती प्लायवूडच्या होत्या, मला दिसलेला बाहेर पडायचा जिना एकच होता, आणि त्याला रात्री कुलूप होतं. दिल्लीत करोलबागेतल्या एका हॉटेलला १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे आग लागली होती. त्यात १७ माणसं गेली. बोळांमधल्या लाकडी पॅनेलिंगमुळे आग पसरली असं तेव्हा अग्निशमन दलाकडून सांगण्यात आलं होतं. आमच्या हॉटेलचं इमर्जन्सी एक्झिट म्हणजे तो दमून झोपलेला मुलगा आणि त्याच्या गळ्यातला दोरा. प्रॉडक्शनमध्ये सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर ठेवला तर आमचा मॅनेजर फाडून खातो. इथे आम्ही हसत हसत त्याच्या शेजारून बाहेर पडलो होतो.

बायको पाच तासांच्या थोडं वर, पण धडधाकट आली. मेडल गळ्यात. हॉटेलवर परत पोचेपर्यंत साडेदहा. चेक-आउट उलटून गेलेलं. आता हा अर्ध्या दिवसाचे पैसे मागणार, म्हणून मी भांडणाची वाक्यं जुळवत होतो, तर रिसेप्शनवरचा तोच माणूस मेडल बघून उठून उभा राहिला. "फुल? बेचाळीस? पूरा?" मग म्हणाला, "आराम करो मॅडम. बारा बजे तक रहो, कुछ नहीं लगेगा." आणि निघताना, बिल देता देता, हळूच म्हणाला, "परसों का बुरा मत मानना. शेठ का ऑर्डर है. गडबड हुई तो मेरी नौकरी जाती है." म्हणजे ज्याच्यावर दोन दिवस दात धरून होतो, तोही हुकमाचा ताबेदारच निघाला. बायकोने त्याला शांतपणे सांगितलं, "शेठ को बोलिए, ऐसा पूछने का हक नहीं है." तो मान हलवत राहिला.

पोरगं मेडल हातात घेऊन बघत होतं. "इसमें कितना पैसा मिलता है?" बायको म्हणाली, मिळत नाही, भरावे लागतात. त्याचा चेहरा असा झाला की आम्ही तिघंही खो खो हसलो. बेचाळीस किलोमीटर पळायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे! त्याच्या जागी मी असतो तर आम्हाला वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता दिला असता.

आता द्या आकडा. जागा ५, खोली २, रिसेप्शनवरचा प्रश्न १, तो मुलगा ५. सरासरी ३.२५. संध्याकाळचं गार पाणी आणि पहाटेचं कढत पाणी एकत्र करून कोमट झालं, आणि कोमट पाणी तर आम्हाला दोन दिवसांत एकदाही मिळालं नव्हतं! रेटिंग दाखवणाऱ्या सिस्टिम्स मी पोटासाठी लिहिलेल्या आहेत. त्या आकड्याला काहीही माहीत नसतं. खिडकीच्या फोटोबद्दल खोटं कोण बोललं, पातेलं कोणी चढवलं, कुलूप लावायला कोणी सांगितलं, सगळं एका दशांश चिन्हात विरघळून जातं. आणि आकडा खाली आला की ओरडा खातो तो काउंटरवरचा आणि जिन्याखालचा. शेठ नाही.

माझं म्हणणं असं की स्वस्त हॉटेलाबद्दल बोलताना आपण दोन टोकांना जातो. एक टोक म्हणजे "सव्वीसशेत अजून काय ताज मिळणार का?" आणि दुसरं टोक, टॉवेल पातळ होता म्हणून एक स्टार. दोन्ही आळशी उत्तरं आहेत. खरं तर तीन ढीग वेगळे करायला हवेत.

पहिला ढीग: कमी पैशांत जे कापलेलं चालतं. लहान खोली, जिने चढणं, नाश्ता नाही, गरम पाण्याची वेळ ठरलेली. हे आधी सांगा आणि कापा. तक्रार करणारा मी कोण? मी पैसे वाचवलेत, त्याने जागा वाचवली, हिशोब फिटला.

दुसरा ढीग: जे कितीही कमी पैशांत कापता येत नाही. खोटा फोटो, माणसाचा अपमान आणि जिन्याचं कुलूप. खिडकी नसेल तर नसू दे, पण नाही असं सांग. ओळखपत्र बघ, जरूर बघ, पण नात्याचा दाखला मागू नकोस. आणि आगीतून बाहेर पडायचा रस्ता ही काही डीलक्स खोलीची सोय नव्हे. महाराष्ट्रात त्यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. त्यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. "एवढ्या पैशांत एवढंच" हे वाक्य आपण या ढिगाला लावतो तेव्हा चुकतो. मी लावलं होतं. फोटो दाखवताना मी मनात हेच म्हटलं होतं की जाऊ दे, सात हजार वाचतायत. बायकोच्या अपमानाचा भाव मी तिला न विचारता ठरवला.

तिसरा ढीग: जे कितीही पैसे दिले तरी विकत मिळत नाही. तीन वाजून दहा मिनिटांची ती बादली. त्याचे आभार माना, हातात शे-दोनशे ठेवा (आम्ही ठेवले, त्याने लाजत घेतले), पण तो शेठच्या खात्यात जमा करू नका. "स्टाफ इतका गोड आहे की बाकी सगळं माफ" असं लिहिणं म्हणजे पोराच्या चांगुलपणाने मालकाचं प्लायवूड झाकणं.

लिहायला बसल्यावर कळलं की हे सोपं नाही. मुलाचं कौतुक लिहावं, तर गीझरच्या वेळेबाहेर गॅस जाळला म्हणून त्यालाच बोलणी. कुलुपाबद्दल लिहावं, तर किल्ली त्याच्याच गळ्यात. मी चार मसुदे खोडले. शेवटी बायकोने मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. खोलीला खिडकी नाही, फोटो बदला. वेगळं आडनाव बघून लग्नाचा पुरावा मागू नका. रात्री जिन्याला कुलूप लावण्याचा निर्णय मालकांचा आहे, तो मालकांनीच बदलावा. चादरी स्वच्छ, जागा उत्तम, सर्व कर्मचारी मदत करणारे. "सर्व" शब्दावर ती अडून बसली, म्हणजे कोणा एकावर बोट जाणार नाही. काउंटरवरचाही त्या "सर्व"मध्ये आला. स्टार दिल्याशिवाय ते पान पुढे जाऊ देत नव्हतं, म्हणून नाइलाजाने तीन दिले. कुलुपाची तक्रार तिने अग्निशमन दलाला वेगळी पाठवली, मालकाचा उल्लेख करून. रिव्ह्यूवर चार दिवसांनी हॉटेलचं उत्तर आलं: आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद, पुन्हा सेवेची संधी द्या. फोटोतलं ऊन अजून तसंच आहे. अग्निशमन दलाकडून अजून काही आलेलं नाही, पाठपुरावा चालू आहे.

काल त्या मित्राला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. म्हटलं, जागा झकास, चादरी स्वच्छ, खिडकी नाही, रात्री खाली उतरून जिना बघून ये. आणि जायच्या आधी फोन करून विचार, तुम्ही दोघं आलात तर काय काय दाखवावं लागेल.

"म्हणजे?"

"तुमची आडनावं एकच आहेत का?"

तो हसायला लागला. मग थांबला आणि म्हणाला, "नाही रे. का?"